जाहिरातीत न लिहिलेली ओळ

सात वर्षे मी एक गोष्ट लपवून ठेवली. माझ्या गाडीच्या डिकीत पुठ्ठ्याचे एक खोके असे. त्यात प्लास्टिकची तुळस, पितळेची समई, भिंतीवर टांगायचा लाकडी क्रूस, घडी घातलेला नमाजाचा गालिचा, ओणमच्या रांगोळीचा छापील कागद आणि एक मराठी दिनदर्शिका, एवढा ऐवज होता. पत्नीने एकदा विचारले, तेव्हा मी सांगितले, "मंडळाच्या सजावटीचं सामान आहे." ती म्हणाली, "मंडळात क्रूस कशाला?" मी म्हणालो, "सर्वधर्मसमभाव." तिने पुढे काही विचारले नाही आणि मला सुटल्यासारखे वाटले.

त्या खोक्याच्या बळावर मी कुवेतमधल्या कित्येक घरांना पाट्या लावल्या: अमक्यांनी यावे, तमक्यांनी येऊ नये. एक अक्षरही न लिहिता लावल्या, आणि म्हणून त्या कोणाला सापडल्या नाहीत. संपादकांनी माझ्या नोकरीविषयी लिहायला सांगितले तेव्हा प्रथम मनात आले ते गमतीदार भाडेकरूंचे किस्से. ते किस्से येतीलच. पण हे खोके बाजूला ठेवून ते सांगणे मला आता जमणार नाही.

माझा व्यवसाय घरे भाड्याने देण्याचा. दस्मानमध्ये, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, आमच्या कंपनीचे कार्यालय आहे. घरमालक आपल्या इमारती आमच्यावर सोपवतात. आम्ही जाहिरात करतो, घर दाखवतो, करार करून देतो. प्रत्येक इमारतीला एक हारिस असतो. हारिस म्हणजे रखवालदार; पण कुवेतमध्ये राहिलेल्या कोणालाही विचारा, हारिसची मर्जी नसेल तर मालकाची सहीसुद्धा उपयोगाची नसते. पाणी कधी येते, लिफ्ट कधी बंद पडते, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचे कोणाशी भांडण आहे, हे सारे त्याच्या पोटात असते.

या धंद्यात एक झिंग आहे, हे मी कबूल करतो. पन्नाशी उलटली तरी ती उतरलेली नाही. रिकाम्या घराचे दार प्रथम उघडताना, आतल्या कोंडलेल्या हवेत पाऊल टाकताना, मला आजही उत्सुकता वाटते: येथे कोण येईल? ते पलंग कोणत्या भिंतीला लावतील? फोन वाजला की मी ताठ बसतो. माझा आवाज मुळात हळू. लोक म्हणतात, दामले बोलतात की पुटपुटतात ते कळत नाही. पण त्या हळू आवाजात मी वर्षानुवर्षे पहिला प्रश्न विचारत आलो तो एकच: "आपण कुठले?" उत्तर आले की माझ्या डोक्यात आपोआप चाळण फिरू लागे.

बाहेरच्यांना सांगायला हवे की काही वस्त्यांत एकट्या पुरुषांना घर देता येत नाही; तो सरकारी नियम आहे आणि त्याला आमचा इलाज नाही. येथे 'बॅचलर' म्हणजे कुटुंब सोबत नसलेला कोणताही पुरुष. गावी तीन मुले आणि दोन नातवंडे असली तरी तो येथे बॅचलरच! एकदा लांज्याकडचे सात सुतार फक्त कुटुंबांसाठी असलेल्या एका इमारतीत घर पाहायला आले. सोबत मुकादमाची पत्नी होती, हिरवी साडी नेसून.

मी विचारले, "कुटुंबात किती माणसं?"

वहिनींनी बोटे मोजली. "हे सात, कामावर गेलेले आमचे हे, आणि मी."

"आणि हे सातही जण आपले कोण?"

"सगळे दीर."

"सातही?"

"सासूबाईंना विचारा," वहिनी म्हणाल्या, आणि मागच्या सुतारांपैकी एकाला हसू आवरले नाही. मीही हसलो आणि नियम सांगितला. जाताना वहिनी मागे वळून म्हणाल्या, "अहो साहेब, सात जणांना दोन वेळचा भात मीच वाढते. कुटुंब नाय तर काय म्हणायचं याला?" हा किस्सा मी मेजवान्यांत शंभरदा तरी सांगितला असेल आणि प्रत्येक वेळी लोक हसले. त्या सात जणांना घर मिळाले की नाही याची मी कधी चौकशी केली नाही. आज किस्सा सांगताना तेवढा भाग मला टोचतो.

सरकारी नियम वेगळा आणि आमचे स्वतःचे नियम वेगळे. पूर्वी आमच्या जाहिराती बिनदिक्कत असत. 'फक्त भारतीय कुटुंब.' 'दक्षिण भारतीय ख्रिस्ती दांपत्यास प्राधान्य.' 'शाकाहारी महाराष्ट्रीय.' बकाल्याच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या भिंतीवर असे कागद चिकटवलेले असत, तसेच ते मोबाइलवरच्या गटांत आले. कोणालाही त्यात वावगे दिसत नसे. ज्याच्यासाठी दार बंद होते तोही दुसरीकडे स्वतःची तशीच जाहिरात लावीत असे.

मग आमच्या कंपनीत नादियाबाई आल्या. त्या लेबनॉनच्या; उंच, करारी, सतत घाईत. परदेशांतल्या मोठ्या कंपन्या त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी आमच्याकडून घरे घेऊ लागल्या होत्या आणि भेदभाव करणारी जाहिरात चालणार नाही अशी त्यांची अट होती. नादियाबाईंनी आम्हा सर्वांना एका सकाळी बोलावले आणि फळ्यावर माझीच एक जाहिरात लिहिली: 'शांत भारतीय कुटुंबासाठी आदर्श, प्रशस्त दोन शयनगृहे, शाळा चालत पाच मिनिटांवर.'

"यातले घराविषयीचे शब्द कोणते?" त्यांनी विचारले.

"प्रशस्त, शयनगृहे, शाळेचे अंतर," मी म्हणालो.

"उरलेले खोडा."

मी उठून 'शांत भारतीय कुटुंबासाठी आदर्श' खोडले. त्या म्हणाल्या, "जाहिरातीत घराचे वर्णन करा. त्यात कोण राहील याचे करू नका. हे लक्षात ठेवलेत तर बाकीचे नियम मी तुम्हाला शिकवणार नाही."

मला खरोखर आनंद झाला! इतकी स्वच्छ कसोटी मला त्याआधी कोणी दिली नव्हती. आठवडाभर मी जुन्या जाहिराती काढून खोडत बसलो. 'मशिदीजवळ' लिहावे का, 'चर्चला जाण्यास सोयीचे' लिहावे का, यावर आम्ही तावातावाने वाद घातले. शेवटी ठरले की एकाच प्रार्थनास्थळाचे नाव लिहिणे हे बोलावण्यासारखे आहे. अंतरे द्यायची तर शाळा, रुग्णालय, बसथांबा यांची द्यावीत. माझ्या जाहिराती इतक्या निर्मळ झाल्या की नादियाबाई त्या नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवू लागल्या.

याच काळात रिग्गईतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचे घर रिकामे झाले. तेथून गेलेले मराठी कुटुंब स्वयंपाकघरात एक लहान देव्हारा विसरून गेले होते. मी मोबाइलवर छायाचित्रे काढली आणि देव्हारा त्यांत तसाच राहिला. जाहिरातीचा मजकूर निर्मळ. घराविषयीच सारे शब्द. पण दोन दिवस फोन आले ते एकजात आपल्या लोकांचे. पुण्याचे, ठाण्याचे, नाशिकचे. घर लगेच गेले. तिथला हारिस सय्यद हा इजिप्तचा वयस्कर माणूस, तो अंगठा वर करून म्हणाला, "मिस्टर, माफी मुश्किला!" म्हणजे काही अडचण नाही.

अडचण कशी असेल? मला तर गुप्तधन सापडले होते. त्या संध्याकाळी गाडी चालवताना मी एकटाच हसत होतो. शब्द खोडले होते, पण चित्र बोलत होते. आणि चित्रावर नियम नव्हता. पुढच्याच शुक्रवारी मी फरवानियाच्या बाजारातून तुळस विकत घेतली. मग समई. मग एकेक करीत सारे. केरळचे भाडेकरू हवे असलेल्या घरात रांगोळीचा कागद, अमुक घरात क्रूस, तमुक घरात गालिचा. पाच मिनिटांत वस्तू मांडायची, छायाचित्र घ्यायचे, वस्तू पुन्हा खोक्यात. एकदा क्रूस टांगला आणि आधीच्या घरातली समई ओट्यावरून उचलायला विसरलो. घर पाहायला आलेल्या फिलिपिनो जोडप्याने मला छायाचित्र दाखवून विचारले, "सर, हा दिवा भाड्यात धरलेला आहे का?" मी म्हणालो, "नाही, तो आधीच्या भाडेकरूंचा." खोटे बोलणे मला इतके सहज येऊ लागले होते.

स्वतःला मी काय सांगत होतो, तेही नोंदवतो. मी सांगत होतो की ही मालकांची इच्छा आहे आणि मी केवळ निरोप्या आहे. लोकांना आपल्या माणसांत राहायचे असते. मी त्यांचे श्रम वाचवतो. नकार ऐकण्याचा अपमानही वाचवतो. हा शेवटचा मुद्दा मला विशेष आवडे. त्यात मला स्वतःची दयाळू वृत्ती दिसत असे.

मागच्या वर्षी त्याच रिग्गईतल्या इमारतीत तळमजल्यावरचे घर रिकामे झाले. इजिप्तचे एक शिक्षक तेथे राहत होते. त्यांची आई व्हीलचेअरवर असे, म्हणून मालकांनी दाराशी उताराचा रॅम्प बांधू दिला होता आणि आतली दारे रुंद करून घेतली होती. असे घर आमच्या यादीत एकच होते. मी खिडकीत तुळस ठेवली, ओट्यामागे दिनदर्शिका टांगली, छायाचित्रे काढली. मजकुरात 'रॅम्प, रुंद दारे' असे प्रामाणिकपणे लिहिले. फोन आले, पण त्या लोकांना रॅम्पची गरज नव्हती आणि तळमजला नको होता. आठवड्यामागून आठवडे गेले. नऊ आठवडे घर रिकामे राहिले.

दरम्यान माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली आणि मी फरवानियातल्या एका उपचारकेंद्रात जाऊ लागलो. तिथल्या मदतनीस होत्या शाहिदाताई. चाळिशीच्या, ठेंगण्या, हाताला विलक्षण जोर. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हात वर नेला आणि मी कळवळून मराठीत काहीतरी बोललो.

त्या थांबल्या. "गुहागरकडचे का वो तुमी?"

"धोपाव्याचा. तुम्ही कसं ओळखलंत?"

"ओरडण्यावरून," त्या हसून म्हणाल्या. "आमी दाभोळच्या. खाडीच्या पल्याड. फेरीबोटीत बसलं का तुमच्या दारात."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! कुवेतमध्ये पंचवीस वर्षे काढली, पण समोरच्या काठावरचे माणूस असे खांदा पिळताना भेटेल असे वाटले नव्हते. पुढचे चार दिवस आम्ही खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्या, फेरीबोटीवरची भांडणे, याशिवाय दुसरे बोललो नाही. पाचव्या दिवशी, गुरुवारी, मी विचारले, "घरी कोण कोण असतं?"

"मी न् याकूब. माझा नवरा. एसीचं काम करायचा. चार म्हैन्यांमागं अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली."

"इथंच उपचार घेतात ना? तुम्ही इथंच आहात म्हणजे—"

"कसला घेतोय," त्या माझा हात मोजून दहा वेळा फिरवीत म्हणाल्या. "आमी चौथ्या मजल्यावर. लिफ्ट चार दिस चालते, दहा दिस बंद. चार शेजारी मिळाले तर खुर्चीसकट खाली उतरवायचा. रोज रोज कोण येनार? घरी मी करते व्यायाम, पन इथलं मशिन घरी कुठं? डॉक्टर बोल्ले, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, मग अंग आखडून जातं. मी दिसभर दुसऱ्यांचे हात हलवते न् माझा मानूस वर पडून ऱ्हातो."

मी उठूनच बसलो. "ताई, माझं कामच घरं द्यायचं आहे! रिग्गईत तळमजल्यावर एक घर आहे, रॅम्पसकट. दारं रुंद. इथून गाडीने दहा मिनिटं. दोन महिने जाहिरात चालू आहे. तुमच्या पाहण्यात कशी आली नाही?"

"आली की." त्यांनी माझा हात खाली ठेवला. "तीनदा बघितली. याकूबला पन दाखवली. पन खिडकीत तुळस होती, भिंतीवर मराठी कॅलेंडर. म्हटलं हे तुमच्यातल्यांसाठी असंल. फोन करून 'नाय' ऐकायचा, मग याकूबला सांगायचा... त्यापेक्षा नाय केला."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. हवामान सांगावे तसे सांगितले. मी जे लिहिले होते ते त्यांनी अचूक वाचले होते. माझ्या जाहिरातीची इतकी चांगली वाचक मला कधी भेटली नव्हती. नकाराचा अपमान मी लोकांना वाचवतो, असे मी स्वतःला सांगत असे. तो येथे वाचला नव्हता. तो त्यांनी घरी नेऊन पचवला होता.

त्या क्षणी मी कबूल करायला हवे होते. मी म्हणालो, "छे, छे, तसं काही नाही. मी आजच बोलतो." आणि खांद्याचे उपचार अर्धे टाकून बाहेर पळालो.

गाडीत बसून सय्यदला फोन लावला. "तळमजला अजून आहे ना?"

"आहे मिस्टर, पण संपला," तो म्हणाला. "कोणी येत नाही म्हणून बू फहद वैतागला. घराचे गोदाम करणार. शनिवारी सकाळी माणसे येतील, रॅम्प तोडतील. तिथे त्याची गाडी उभी राहणार."

शनिवार! मध्ये फक्त शुक्रवार होता. असरचा, म्हणजे तिसऱ्या प्रहरचा, नमाज नुकताच झाला होता. बू फहद, म्हणजे इमारतीचे मालक, त्या वेळी आपल्या दिवानियात असतात हे मला ठाऊक होते. दिवानिया म्हणजे घराला लागून असलेली पुरुषांची बैठक. तेथे जायला निमंत्रण लागत नाही. घाईत गाडी उभी करताना मी ती कठड्याला घासली.

आत सात-आठ वडीलधारी मंडळी चहा घेत होती. बू फहदनी मला शेजारी बसवले. मी माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत सारे सांगितले: आजारी माणूस, चौथा मजला, रॅम्प. मग, सवयीने, आवाज आणखी खाली आणून म्हणालो, "एकच गोष्ट, ते मुसलमान कुटुंब आहे. कोकणातले."

बू फहदनी पेला खाली ठेवला. "मग?"

"तुम्हाला... म्हणजे आपण नेहमी..."

"दामली," माझ्या नावाचा नेहमीचा अरबी उच्चार करीत ते मोठ्याने म्हणाले, सर्वांना ऐकू जाईल असे, "मी कोण आहे?"

"आपण मालक."

"मी मुसलमान आहे. हे सारे मुसलमान आहेत. माझ्या घरात मुसलमानाने राहू नये, हे तुला कोणी सांगितले?"

बैठकीत हशा पिकला. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसू लागले. मी हसण्याचा प्रयत्न केला आणि आठवू लागलो. त्यांनी मला काय सांगितले होते? अनेक वर्षांपूर्वी, पहिल्या भेटीत, ते म्हणाले होते, "स्वच्छ आणि शांत माणसे आण." एवढेच. बाकीचे सारे मी भरले होते. काही मालकांनी खरोखर तशा अटी घातल्या होत्या हे खरे; पण या माणसाने कधीच नाही. आपल्याच लोकांशी बोलणे मला सोपे जाई, त्यांच्या तक्रारी मला कळत, त्यांच्या घरी चहा घेताना मला अवघडायला होत नसे. माझ्या सोयीला मी मालकाची इच्छा असे नाव दिले होते.

"शनिवारी सकाळी आठला माझी माणसे येतील," बू फहद म्हणाले. "तुझा आजारी माणूस त्याआधी आला आणि त्याला घर आवडले, तर मी माणसे परत पाठवीन. त्यानंतर माझी गाडी तिथे उभी राहील."

शुक्रवारी मी दोनदा फरवानियाला त्या दोघांच्या घरी गेलो. सिव्हिल आयडीच्या प्रती, पगाराचा दाखला, सारे शाहिदाताईंनी एका प्लास्टिकच्या पिशवीत आधीच लावून ठेवले होते. कितीतरी घरांसाठी ती पिशवी त्यांनी तयार ठेवली असेल. शनिवारी सकाळी सात वाजता चार शेजारी याकूबभाईंना खुर्चीसकट जिना उतरवून खाली घेऊन आले. ते अंगाने भरलेले, चेहरा एका बाजूला किंचित ओढलेला, डोळे मात्र मिस्कील. शब्द एकेक करून, जड येत.

"सावकाश," ते शेजाऱ्यांना म्हणाले. "मी... कॉम्प्रेसर नाय. गॅस... भरलेला नाय माझ्यात."

आम्ही रिग्गईला पोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते. दोन कामगार घण घेऊन सावलीत बसले होते आणि सय्यद त्यांना चहा देऊन अडवून धरीत होता. शाहिदाताई खुर्ची ढकलू लागल्या, तशी याकूबभाईंनी डाव्या हाताने त्यांना थांबवले. तोच हात त्यांनी चाकावर ठेवला आणि जोर लावला. खुर्ची तिरपी झाली, कठड्याला लागली, पुन्हा सरळ झाली. आम्ही सारे बाजूला झालो. कामगारही उठून उभे राहिले. एक वीत, मग हातभर, मग उंबरठा! सय्यदने टाळ्या वाजवल्या आणि मी, जो कधी मोठ्याने बोलत नाही तो, ओरडलो, "शाब्बास!"

आत जाऊन याकूबभाईंनी ना खिडकी पाहिली, ना स्वयंपाकघर. एसी लावायला सांगितला आणि मान कलती करून ऐकत राहिले.

"कॉम्प्रेसर... खोकतोय," ते म्हणाले. "भाडं... कमी करा."

घर त्यांना मिळाले. दुसऱ्या आठवड्यापासून ते रोज उपचारकेंद्रात येऊ लागले. शाहिदाताई मला 'दामलेभाऊ' म्हणू लागल्या, सांदणांचा डबा पाठवू लागल्या, भेटेल त्याला सांगू लागल्या की या भाऊंमुळे आम्हाला घर मिळाले. आणि मी ते ऐकून घेत राहिलो. पहिल्या चुकीपेक्षा ही दुसरी चूक मला जास्त छळते. सांदण गोड लागे, आणि डबा रिकामा करून परत देताना मी म्हणे, "अहो, माझं कामच ते."

दोन महिने मी तसे काढले. मग नादियाबाईंनी नव्या लोकांसमोर माझ्या जाहिरातींवर बोलायला मला बोलावले. पडद्यावर पहिलेच छायाचित्र तुळशीच्या त्या खिडकीचे होते. मी ते घाईघाईने पुढे सरकवले. सभा संपवून मी त्यांच्या खोलीत गेलो आणि खोके टेबलावर ठेवले. सारे सांगितले. त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढून ओळीने मांडली.

"अशी किती छायाचित्रे?"

"मोजली नाहीत."

"मोज. सारी काढून टाक. रिकाम्या खोल्यांची नवी काढ." मग त्यांनी विचारले, "त्या बाईंना सांगितलेस?"

"नाही."

"मग आधी माझ्याकडे कशाला आलास?"

माझी नोकरी राहिली. नमुना म्हणून माझ्या जाहिराती दाखवणे बंद झाले, आणि ते योग्यच होते. पुढचे कित्येक आठवडे मी घराघरांत जाऊन रिकाम्या खोल्यांची छायाचित्रे घेतली. काय उत्साहाने घेतली! नुसती भिंत, नुसती खिडकी, नुसता ओटा. फोन येऊ लागले ते कुठकुठून: सुदानचे, नेपाळचे, तेलंगणाचे, बीडचे. आता मी 'आपण कुठले?' हा प्रश्न विचारत नाही. 'घर कधी पाहायला याल?' असे विचारतो. आणि जो मालक आजही कानात कुजबुजून अट घालतो, त्याला ती कागदावर लिहून द्यायला सांगतो. अजून एकानेही लिहून दिलेली नाही.

पण नादियाबाईंचा प्रश्न डोक्यातून जाईना. एका शनिवारी दुपारी मी रिग्गईला गेलो. शाहिदाताईंनी चहा केला. याकूबभाई काठीच्या आधाराने दारापर्यंत आले आणि मला पाहून म्हणाले, "या... खाडीच्या अल्याडचे."

मी बसलो आणि बोलायला सुरुवात केली. आमच्या व्यवसायात पूर्वी कशा पद्धती होत्या, बाजाराचा रेटा कसा असतो, मालकांच्या अपेक्षा कशा सांभाळाव्या लागतात, कंपनीचे नवे नियम आल्यावर काही त्रुटी कशा राहून गेल्या. वाक्ये व्यवस्थित रचलेली होती. मी ती गाडीत पाठ केली होती.

शाहिदाताईंनी मधेच बशी खाली ठेवली. "भाऊ, एक विचारू? हारिस बोलला, आमच्या आधी इथं इजिप्तचे मास्तर होते. त्यांची आई खुर्चीवर. मंग खिडकीतली तुळस कुनाची?"

मी पुटपुटलो, "ते... छायाचित्र घेताना कधीकधी..."

"दामलेसाहेब," याकूबभाई म्हणाले. एकेक शब्द त्यांनी ओढून आणला. "मला... बोलायला... तरास होतो. तुमाला... नाय. मंग सरळ... बोला."

मी पेला खाली ठेवला आणि उभा राहिलो. न पुटपुटता, शेजारच्या खोलीत ऐकू जावे इतक्या मोठ्या आवाजात, मी म्हणालो:

"ती तुळस माझी होती. मी आणली, मीच खिडकीत ठेवली. बू फहदनी सांगितलं नव्हतं, कंपनीने तर मना केलं होतं. तुमच्यासारख्यांनी फोन करू नये म्हणून मी ती ठेवली. ताई, तुम्ही जे वाचलंत तेच मी लिहिलं होतं. नऊ आठवडे हे घर रिकामं होतं, आणि याकूबभाई, तुम्ही चौथ्या मजल्यावर पडून होता, ते माझ्यामुळे. नंतर तुमचे आभारही मी घेतले. मी चुकलो. शाहिदाताई, मला माफ करा. याकूबभाई, मला माफ करा."